खेळण्यातली बंदूक मोडली? थांबा, आधी उघडून पाहा

नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा तुटतो आणि शेकडो रुपयांचे खेळणे माळ्यावर जाते. पण थोडी समज, थोडी हत्यारे आणि पुष्कळ धीर असेल, तर ते घरच्या घरी पुन्हा चालू करता येते.

बुधवारची संध्याकाळ होती. चादर बदलायला म्हणून मी चिरंजीवांच्या पलंगावरची गादी उचलली, तर खाली निळ्या-नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची बंदूक! फोमचे मऊ डार्ट उडवणारी. आमच्या घरात अशी बंदूक नाही, हे मला पक्के ठाऊक होते.

‘‘ही कुणाची रे?’’ एवढेच मी विचारले आणि चौथीत शिकणाऱ्या आमच्या वीराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. बंदूक तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या मित्राची होती. दोन दिवसांपुरती मागून आणलेली. मागचे हँडल ओढले की ते अडकून राहायला हवे, ते आता सरळ पुढे सटकत होते. आणि मित्राच्या वडिलांची बदली झालेली. रविवारी दुपारी ट्रक येणार, कुटुंब भोपाळला जाणार. त्यातून बंदूक मित्राच्या मामाने दुबईहून पाठवलेली.

‘‘नवी आणून देऊ,’’ यांनी नेहमीचा उपाय सुचवला. पण मामाने पाठवलेली वस्तू दुकानातून कशी आणणार? मी मुलाला घेऊन आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. ‘‘अहो, असू द्या हो, खेळणंच ते,’’ मित्राची आई म्हणाली. मित्र मात्र काहीच बोलला नाही. आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा त्याने हळूच विचारले, ‘‘काकू, रविवारपर्यंत होईल का?’’

आमचे सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवलेली होती. त्यांनी बंदूक हातात घेतली, कानाशी नेऊन हँडल दोनदा ओढले आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, आतला खटका गेलाय. उघडायला हवी.’’

आत असते तरी काय?

या बंदुकांत ना दारू असते ना बॅटरी. (काहींत बॅटरीवर फिरणारी चाके असतात, पण तो प्रकार वेगळा.) आपल्या सायकलच्या पंपाचेच हे भावंड. एका नळकांड्यात दट्ट्या असतो. दट्ट्याच्या डोक्यावर रबराची गोल रिंग आणि मागे स्प्रिंग. हँडल ओढले की दट्ट्या मागे येतो, स्प्रिंग दबते आणि एक छोटा खटका दट्ट्याच्या दांड्यावरच्या खाचेत जाऊन बसतो. चाप दाबला की खटका खाचेतून सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि कोंडलेली हवा डार्टला बाहेर ढकलते. म्हणजे दबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर तेवढा वेळ त्या नखाएवढ्या खटक्यावर असतो. तोच आधी का मोडतो, हे वेगळे सांगायला नको.

या खेळण्यांचा मूळ पुरुष म्हणजे अमेरिकेतला ‘नर्फ’ नावाचा फोमचा चेंडू. रेन गायर यांच्या कल्पनेतून निघालेला हा चेंडू १९७० मध्ये बाजारात आला. घरात फेकला तरी काच फुटत नाही, हेच त्याचे आकर्षण. फोमचे डार्ट उडवणारी ‘शार्पशूटर’ ही नर्फची बंदूक आली १९९२ मध्ये. आता तिच्या धर्तीवरची खेळणी आपल्याकडे जत्रेतसुद्धा दिसतात आणि मुले सगळ्यांनाच ‘नर्फ गन’ म्हणतात.

उघडण्याआधी एक सूचना. खेळणे नवे असेल आणि बिल हाताशी असेल, तर आधी दुकानदाराकडे जा. एकदा स्क्रू फिरवला की बदलून मिळण्याची आशा सोडायची. काही नव्या खेळण्यांची दोन्ही अंगे कारखान्यातच चिकटवलेली असतात. ती उघडायला गेलात तर आणखी मोडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आमच्या बंदुकीला स्क्रू होते. सासऱ्यांनी नातवाला पहिले काम दिले ते डबीची दोन झाकणे आणण्याचे. एकात लांब स्क्रू, दुसऱ्यात आखूड. सगळे सारखेच दिसतात, पण लांब स्क्रू आखूड जागी बसवला की प्लॅस्टिक फाटते. दुसरे काम मोबाइलचे. वरचे अंग अलगद उचलले, की काहीही न हलवता फोटो काढायचा. चापाची ती इवलीशी स्प्रिंग कुठून कुठे जाते, हे दोन दिवसांनी कुणाच्याही लक्षात राहत नाही. आणि हो, उघडताना दट्ट्या पुढे, सैल अवस्थेत असला पाहिजे. आतली स्प्रिंग उडून डोळ्यावर बसू शकते. आजोबांनी चष्मा लावला होताच, नातवाने माझा उन्हाळी चष्मा चढवला.

तुटलेला तुकडा काय सांगतो

खटका दोन भागांत निघाला. यांनी लगेच ड्रॉवरमधून इन्स्टंट गमची ट्यूब काढली. सासऱ्यांनी हात आडवा केला. आधी त्यांना भिंगातून तुकडा बघायचा होता. नातवाला जवळ बोलावून ते म्हणाले, ‘‘बघ, तुटलेली जागा सगळी एकसारखी आहे का?’’

नव्हती. अर्ध्या भागावर मळ आणि ग्रीस बसले होते, उरलेला अर्धा स्वच्छ, नुकताच तुटलेला. म्हणजे खटक्याला तडा फार आधी गेला होता. त्या तड्यात मळ शिरत राहिला, आणि उरलेले अर्धे प्लॅस्टिक परवा आमच्या घरी तुटले. शेजारच्या जागी एक पांढुरकी रेघही होती. प्लॅस्टिक वाकून थकले की अशी रेघ उमटते.

‘‘म्हणजे मी नाही तोडली?’’ इतक्या वेळात पहिल्यांदा मुलाचा आवाज नीट निघाला.

‘‘तुझ्या हातात तुटली हे खरं. सगळी तुझ्यामुळे तुटली हे खरं नाही.’’

मग थोडी चौकशी झाली. मित्र रात्री बंदूक ‘तयार’ ठेवून झोपत असे, म्हणजे रात्रभर स्प्रिंगचा जोर खटक्यावर. आणि आमच्या चिरंजीवांना हँडल पुरते मागे न ओढता अर्ध्यातूनच सोडायची सवय. त्यामुळे खटका खाचेत पूर्ण न बसता नुसत्या टोकावर टेकायचा. डार्ट न घालता रिकामा चाप ओढत राहणे हीसुद्धा वाईट सवय. पुढे अडवायला डार्ट नसला की हवेची उशी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो.

पण सासऱ्यांच्या मते मूळ दोष कोपऱ्यात होता. खटक्याचे आडवे आणि उभे अंग जिथे मिळते तिथला आतला कोपरा अगदी धारदार, काटकोनी होता. सगळा ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ‘‘आम्ही साच्यात हा कोपरा गोल करायचो,’’ ते म्हणाले. ‘‘गोल ठेवला की तोच तुकडा कितीतरी जास्त टिकतो.’’

गमने का भागत नाही?

यांचा गमवरचा विश्वास काही उडेना. शेवटी ‘‘करून तर पाहा,’’ अशी परवानगी मिळाली. दोन थेंब, अर्धा मिनिट दाबून धरणे, आणि तुकडा असा चिकटला की जोड दिसेना. यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. बंदूक तात्पुरती जुळवली. पहिल्यांदा हँडल ओढले, खटका बसला. दुसऱ्यांदा ओढले आणि टक्‌!

इन्स्टंट गम वाईट नसतो. कपाच्या कानाला, चप्पलच्या तळाला तो छान चालतो. पण तो वाळला की काचेसारखा कडक होतो. सरळ ओढ तो सोसतो, झटका आणि वाकणे सोसत नाही. आणि जोडायची जागा मुगाच्या डाळीएवढी! गमवर खाण्याचा सोडा टाकून भेग भरण्याची युक्तीही अनेकांना ठाऊक असते. ती खरी आहे. सोडा पडताच गम क्षणात दगडासारखा होतो. (तेव्हा तो तापतो आणि झोंबणारा वास येतो, म्हणून चेहरा लांब ठेवा.) बाहेरच्या कवचाची चीर भरायला ही युक्ती चांगली, पण दर वेळी धक्का खाणाऱ्या खटक्याला नाही. गमने बोटे चिकटलीच, तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा.

खरा उपाय ठरवायचा तर प्लॅस्टिक कोणते आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सासऱ्यांनी तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला, तो बुडाला. तरंगला असता तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बादल्या आणि डबे ज्याचे होतात ते मेणचट प्लॅस्टिक. त्याला कोणताही घरगुती डिंक धड धरत नाही. मग न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब लावला. जागा क्षणात चिकट झाली. म्हणजे हे एबीएस. खेळण्यांची, टेलिफोनची कवचे, लेगोचे ठोकळे याच प्लॅस्टिकचे. तुकडा बुडतो, पण ॲसिटोनने त्याला काहीच होत नाही आणि हाताला गुळगुळीत, निसरडा लागतो, असे असेल तर ते बहुधा ॲसिटल. तेही डिंकाला दाद देत नाही. तिथे चिकटवण्याचा नाद सोडून बारीक स्क्रू किंवा तारेनेच बांधावे लागते, नाहीतर नवा तुकडा घडवावा लागतो.

एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते, आणि हीच आपली सोय. डिंक दोन तुकड्यांच्या मधे बसतो. ॲसिटोन मात्र दोन्ही तुकड्यांचे तोंड विरघळवते आणि ती तोंडे एकमेकांत मिसळून एक होतात. लोखंडाला जसे वेल्डिंग, तसे हे.

माळ्यावरचा फोन कामाला आला

गुरुवारी सकाळी माळ्यावरून जुना लँडलाइन फोन खाली आला. त्याच्या कवचाच्या आत ‘एबीएस’ ही अक्षरे उठवलेली होती. सासऱ्यांनी पक्कडीने त्याचे बारीक तुकडे केले, काचेच्या छोट्या बाटलीत टाकले, वर तुकडे बुडतील एवढे ॲसिटोन ओतले आणि पत्र्याचे झाकण घट्ट लावले. संध्याकाळपर्यंत श्रीखंडासारखा दाट लगदा तयार.

इथे जरा कडक आवाजात सांगते. ॲसिटोन पटकन पेट घेते. गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती यांपासून ते दूर, बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीजवळच वापरा. मुलाला बघू द्या, पण बाटली त्याच्या हाती नको. नेलपॉलिश रिमूव्हर आणत असाल तर बाटलीवर वाचून घ्या, हल्ली पुष्कळशा रिमूव्हरमध्ये ॲसिटोन नसतेच.

लगदा मुरत होता तोवर यांच्या गमचे अवशेष ब्लेडने खरवडून झाले. वाळलेल्या गमवर लगदा धरत नाही. मग दोन्ही तोंडे पॉलिश पेपरने किंचित खरबरीत केली. त्यानंतर आली जेम क्लिप. ती सरळ करून तिचा एक सेंटिमीटरभर तुकडा कापला, पक्कडीत धरून मेणबत्तीवर तापवला आणि दोन्ही भागांत समोरासमोर भोक पाडले. (मेणबत्ती स्वयंपाकघरात, बाटली बाल्कनीत, हे लक्षात असू द्या. तापलेल्या प्लॅस्टिकचा धूरही नाकात जाऊ देऊ नका.) ही तार आत राहिली की वाकण्याचा ताण जोडावर न येता तारेवर येतो. घर बांधताना काँक्रीटमध्ये सळई घालतात, त्यातलाच प्रकार.

रात्री लगदा लावून तुकडे जुळवले. खटक्याच्या पाठीमागे बंदुकीत जेमतेम दीड मिलिमीटर जागा मोकळी होती. तिथे फोनच्या कवचाची घासून पातळ केलेली पट्टी आधाराला लावली. आणि त्या धारदार कोपऱ्यात काडीने लगदा भरून तो छान गोल केला. राखाडी खटक्याला मोतिया रंगाचे ठिगळ दिसत होते, पण ते आतच राहणार होते.

‘‘झालं?’’ नातवाने विचारले.

‘‘झालं. आता शनिवारी संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.’’

सगळ्या दुरुस्तीत हेच सर्वांत अवघड काम. लगदा वरून तासाभरात वाळल्यासारखा दिसतो, पण आत ॲसिटोन कोंडलेले असते आणि तोवर जोड मऊच असतो. निदान एक दिवस, जाड थर असेल तर दोन दिवस द्यावे लागतात. शुक्रवारी शाळेतून आल्यावर चिरंजीव खिडकीत ठेवलेल्या खटक्याकडे दर दहा मिनिटांनी बघून येत होते. मित्रही दोनदा खाली येऊन गेला. घरातले सामान बांधले जात होते, त्याला वर करमत नव्हते. मग दोघांनी मिळून उरलेल्या कवचातून दुसरा, सुटा खटका कापायला घेतला. आजोबांनी पेन्सिलने आकार काढून दिला, कानस कशी धरायची ते दाखवले आणि स्वतः पेपर वाचत बसले.

ॲसिटोन नको वाटत असेल तर दोन ट्यूबचा इपॉक्सी वापरता येतो. दोन्ही सारखे घेऊन नीट घोटायचे, तार घालायचीच आणि रात्रभर ठेवायचे. काम चालते, पण माझ्या मते लगद्याची सर नाही. शहरांत आता थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे आहेत, त्यांना तुटका खटका नमुन्याला देऊन नवा छापून घेता येतो. तो आडवा ठेवून छापायला सांगा. उभा छापला तर थरांच्या रेषेवर पटकन तुटतो.

जुळवताना

शनिवारी संध्याकाळी खटका नखाने दाबून पाहिला, खूण उमटली नाही. मग खाचेत बसणारी त्याची कड बारीक कानशीने साफ केली. ही कड सरळ आणि स्वच्छ हवी. तिच्यावर लगद्याचा फुगवटा राहिला तर खटका अर्धवट बसतो आणि चाप न दाबताच सुटतो. ते तर तुटण्यापेक्षाही वाईट, कारण त्या वेळी बंदुकीचे तोंड कुणाकडे असेल सांगता येत नाही.

दट्ट्याच्या रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवला. पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्याकडे ते मिळते. खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नका. काही तेलांनी रबर फुगते आणि एबीएसलाही बारीक तडे जाऊ शकतात. स्क्रू परत बसवताना सासऱ्यांची एक युक्ती मला फार आवडली. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. टक्‌ असा हलका आवाज येऊन तो जुन्या आट्यात उतरतो, मग सुलटा आवळायचा. नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळांत भोक निकामी होते.

मोबाइलवरचा फोटो तीनदा पाहून चापाची स्प्रिंग बसवली. डार्ट भरला, सगळ्यांनी चष्मे चढवले आणि नेम धरला तो कपडे वाळत घालायच्या बादलीवर. एकदा, दोनदा, दहादा, वीसदा. खटका दर वेळी बसला आणि दर वेळी चापानेच सुटला.

‘‘आजोबा, आतली स्प्रिंग अजून जोराची घातली तर?’’ हा प्रश्न येणारच होता. तुमच्या घरीही येईल. उत्तर ठाम ‘नाही’ असू द्या. एक तर जोड पुन्हा मोडेल. दुसरे, डार्ट फोमचा असला तरी डोळा डोळाच आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोन प्रौढ आणि ११ वर्षांचा एक मुलगा. अशा खेळण्याचा डार्ट लागून तिघांच्याही डोळ्यांत आतून रक्तस्राव झाला होता. तेव्हा नेम बादलीवर, डब्यावर, खडूच्या वर्तुळावर. चेहऱ्यावर कधीच नाही. दुरुस्तीनंतरही चाप न दाबता बंदूक सुटत असेल, किंवा नळकांड्यालाच तडा गेला असेल, तर हळहळ न करता ती टाकून द्या. आणि नवी घेताना बीआयएसचे चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे ते सक्तीचे आहे.

रविवारी दुपारी ट्रक आला. आमचे चिरंजीव बंदूक, डार्ट आणि काडेपेटीत कापूस घालून ठेवलेला तो सुटा खटका घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. मित्राने बंदूक घेतली, हँडल पूर्ण मागे ओढले आणि आधी कानाशी नेऊन आवाज ऐकला. अगदी आजोबांसारखा!

मागच्या आठवड्यात भोपाळहून फोन आला. खटका शाबूत आहे, पण बंदूक पडून चापाची स्प्रिंग निघाली आहे. मी फोन मुलाकडे दिला. तो पलंगावर मांडी घालून बसला आणि सांगू लागला, ‘‘थांब, घाई करू नकोस. आधी दोन झाकणं आण. आणि चष्मा लाव.’’